देश लुटणाऱ्या नेत्याला जगात कोण जाब विचारतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत वाचनालय चालतं. रविवारी संध्याकाळी तिथे पेपर मोठ्याने वाचतात आणि वाचून झालं की प्रश्न निघतात. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते, त्यामुळे कायद्याचं काही आलं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. परदेशातला एखादा माजी राष्ट्राध्यक्ष तुरुंगात गेला अशी बातमी आली की दर वेळी तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. प्रश्न ज्या बोलीत आले त्याच बोलीत ठेवलेत.

देशाचा पैसा खाल्ला म्हणून एखाद्या नेत्याले हेगच्या कोर्टात उभं करता येते का?

नाही, आजच्या घडीला तरी नाही.

नेदरलँड्समधल्या हेगला दोन न्यायालयं आहेत आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पहिलं आंतरराष्ट्रीय न्यायालय. तिथे देशाविरुद्ध देश भांडतो. कुलभूषण जाधव यांच्यासाठी भारत पाकिस्तानविरुद्ध गेला तो याच न्यायालयात, आणि आपल्या नागपुरात वाढलेल्या हरीश साळवे यांनी भारताची बाजू मांडली ती इथेच. या न्यायालयात कुठल्या माणसावर फौजदारी खटला चालत नाही.

दुसरं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. १९९८ साली रोममध्ये झालेल्या करारातून ते जन्माला आलं आणि जुलै २००२ पासून त्याचा अंमल सुरू झाला. तिथे माणसावर खटला चालतो, राष्ट्रप्रमुखावरसुद्धा. पण गुन्हे चारच: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण. लाच, अपहार, तिजोरीची लूट यांतलं काहीच त्या यादीत नाही. औषधाचा पैसा खाल्ल्यामुळे हजारो माणसं मेली, तर तो मानवतेविरुद्धचा गुन्हा का धरू नये, असं काही कायदेपंडित विचारतात. मला तो प्रश्न रास्त वाटतो. पण नुसत्या भ्रष्टाचारासाठी या न्यायालयाने अजून कुणालाही दोषी ठरवलेलं नाही. भारत तर या न्यायालयाचा सदस्यच नाही.

मंग आंतरराष्ट्रीय कायदा हाये तरी कायले?

संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये आमसभेने तो मंजूर केला, डिसेंबरात मेक्सिकोतल्या मेरिदा शहरात देशांनी सह्या करायला सुरुवात केली आणि १४ डिसेंबर २००५ पासून तो लागू झाला. भारताने मे २०११ मध्ये त्याला रीतसर मान्यता दिली. ९ डिसेंबरला सरकारी कचेऱ्यांत भ्रष्टाचारविरोधी दिनाचे फलक लागतात, तो दिवस या मेरिदाच्या सह्यांचा.

या कराराकडे कोर्ट नाही, पोलीस नाहीत. त्याने देशांना बांधून घेतलंय ते असं: लाच आणि अपहार तुमच्या कायद्यात गुन्हा ठरवा, दुसऱ्या देशाने पुरावा मागितला तर बँकेच्या गुप्ततेचं कारण पुढे करू नका, आरोपीला सोपवायची सोय ठेवा, आणि चोरीचा पैसा ज्याचा त्याला परत करा. शेवटची गोष्ट करारात मूलभूत तत्त्व म्हणून लिहिली आहे. जगाच्या कायद्यात हे इतक्या ठळकपणे पहिल्यांदा आलं, म्हणून मला हा करार मोलाचा वाटतो.

एवढं ध्यानात ठेवलं की पुढची उत्तरं सोपी जातात: आजचा आंतरराष्ट्रीय कायदा नेत्याच्या मागे कमी धावतो, त्याच्या पैशाच्या मागे जास्त. आणि पैशाच्या मागेही तो तेव्हाच धावतो, जेव्हा त्या देशातलं कुणीतरी चिकाटीने कागद धरून बसलेलं असतं.

खुर्चीवर बसलेल्या राष्ट्रपतीले दुसऱ्या देशात धरता येते का?

दुसऱ्या देशाच्या कोर्टाला येत नाही. २००२ साली काँगो आणि बेल्जियमच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की पदावर असलेल्या परराष्ट्रमंत्र्याला परदेशातल्या फौजदारी कारवाईपासून पूर्ण संरक्षण आहे. राष्ट्रप्रमुख आणि पंतप्रधान यांनाही तेच लागू होतं. खुर्ची गेली की संरक्षण पातळ होतं. चिलीचा हुकूमशहा पिनोशे १९९८ साली उपचारासाठी लंडनला गेला आणि तिथेच अटकेत पडला. तो खटला छळाचा होता, पैशाचा नव्हता. पण माजी राष्ट्रप्रमुखाच्या हातात बेडी पडू शकते हे जगाने तेव्हा पाहिलं.

घरच्या कोर्टाचं गणित वेगळं. आपल्या राज्यघटनेच्या कलम ३६१ प्रमाणे राष्ट्रपती आणि राज्यपाल पदावर असेपर्यंत त्यांच्यावर फौजदारी कारवाई होत नाही. पंतप्रधान, मुख्यमंत्री, मंत्री यांना असं संरक्षण घटनेने दिलेलं नाही.

आजपर्यंत कोनाले शिक्षा झाली का नाही?

झाली, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त जणांना झाली. मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी ती कुठल्या तरी देशाच्या साध्या कोर्टात झाली.

पेरूचे माजी राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी २००० साली जपानला पळाले. पाच वर्षांनी चिलीत उतरले आणि धरले गेले. चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये त्यांना पेरूच्या हवाली केलं. त्याच पेरूचे दुसरे माजी राष्ट्राध्यक्ष तोलेदो यांना अमेरिकेने २०२३ मध्ये परत पाठवलं. एका बांधकाम कंपनीकडून साडेतीन कोटी डॉलरांच्या आसपास लाच घेतल्याबद्दल २०२४ साली त्यांना वीस वर्षं सहा महिन्यांची शिक्षा झाली. मलेशियाचे माजी पंतप्रधान नजीब रझाक २०२२ पासून तुरुंगात आहेत. त्यांची पहिली बारा वर्षांची शिक्षा पुढे माफी मंडळाने निम्मी केली, हेही सांगितलं पाहिजे.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते मोझांबिकचं प्रकरण. समुद्रातली टूना मासेमारी आणि किनाऱ्याची राखण यांच्या नावाखाली दोन अब्ज डॉलरांचं कर्ज काढलं गेलं, त्यातलं बरंचसं संसदेला न कळवता. २०१६ मध्ये ते उघडं पडलं तेव्हा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आणि मदत करणाऱ्या देशांनी हात आखडता घेतला, चलन कोसळलं, आणि ज्यांनी ती जहाजं कधी डोळ्यांनी पाहिली नाहीत त्यांच्या ताटातलं महाग झालं. तेव्हाचे अर्थमंत्री मानुएल चांग यांना डिसेंबर २०१८ मध्ये जोहान्सबर्गच्या विमानतळावर पकडलं. अमेरिका म्हणे आम्हाला द्या, मोझांबिक म्हणे आम्हाला द्या. साडेचार वर्षं ही ओढाताण चालली. शेवटी अमेरिकेत खटला होऊन जानेवारी २०२५ मध्ये साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. ज्यांच्या नावावर ते कर्ज चढलं, त्यांना ती शिक्षा परक्या देशातून आलेल्या बातमीतूनच कळली.

पैसा त दुसऱ्याच्या नावावर असते. सापडते कसा?

आपल्याकडे जमीन सालगड्याच्या नावावर करून ठेवतात, सातबाऱ्यावर त्याचं नाव आणि पीक मात्र मालकाच्या घरात. परदेशात हेच कंपनीच्या नावाने करतात. एका बेटावर कंपनी, तिची मालक दुसऱ्या बेटावरची कंपनी, तिचा मालक एखादा विश्वस्त निधी, आणि त्या निधीचा लाभ नेत्याच्या मुलाला. म्हणून आता नियमांचा रोख खऱ्या लाभधारकाच्या शोधावर असतो. मंत्री, त्यांचं कुटुंब, जवळचे लोक यांची खाती बँकांनी जास्त डोळ्यांत तेल घालून तपासायची असतात.

२०१६ साली पनामातल्या एका वकिली कचेरीची एक कोटी पंधरा लाख कागदपत्रं फुटली. आइसलँडच्या पंतप्रधानांना त्याच आठवड्यात पायउतार व्हावं लागलं आणि पुढच्या वर्षी पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने नवाझ शरीफ यांना अपात्र ठरवलं.

ब्रिटनने २०१८ पासून आणखी एक हत्यार वापरात आणलं: उत्पन्नाशी न जुळणारी संपत्ती दिसली तर ती कुठून आली हे मालकाने सांगायचं. पहिला आदेश निघाला तो अझरबैजानच्या एका सरकारी बँकेच्या माजी प्रमुखाच्या पत्नीवर. लंडनच्या एकाच दुकानात त्या बाईंनी दहा वर्षांत एक कोटी साठ लाख पौंड खर्च केले होते. हे वाचलं तेव्हा वाचनालयात कुणीच काही बोललं नाही.

सापडलेला पैसा वापस येते का? अन् आला त कोनाच्या हातात पडते?

येतो, पण उशिरा, आणि गेला तेवढा कधीच येत नाही.

फिलिपिन्सचे हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष मार्कोस फेब्रुवारी १९८६ मध्ये देश सोडून पळाले. मार्चमध्येच स्वित्झर्लंडने त्यांची खाती गोठवली. इतकी चपळाई जगाने आधी पाहिली नव्हती. तरी पैसा मनिलाच्या तिजोरीत पडायला २००४ साल उजाडलं. तोवर व्याजासह तो ६८ कोटी डॉलरांच्या आसपास झाला होता. त्यातला मोठा वाटा कायद्याने जमीन सुधारणेच्या कामाला बांधलेला होता. पुढे २०१३ च्या कायद्याने दहा अब्ज पेसो मार्कोस राजवटीत छळ सोसलेल्यांसाठी ठेवले गेले आणि ११,१०३ जणांना बळी म्हणून मान्यता मिळाली. मार्कोस स्वतः १९८९ मध्ये हवाईत वारले, तुरुंगाचं दार न पाहता. त्यांचा मुलगा २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला.

नायजेरियाचे लष्करी हुकूमशहा सानी अबाचा यांचा पैसा वेगवेगळ्या देशांतून हप्त्याहप्त्याने परत आला. पहिल्या खेपेच्या खर्चावर लोकांनी बोट ठेवलं. म्हणून २०१७ मध्ये स्वित्झर्लंडने ३२ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं ते अटीवर: पैसा गरीब कुटुंबांना थेट मिळायचा आणि जागतिक बँकेने लक्ष ठेवायचं. घरटी महिन्याला पाच हजार नायरा. २०२० मध्ये जर्सी बेटावरून आलेले ३१ कोटी डॉलर रस्ते आणि नायजर नदीवरच्या पुलासाठी राखले गेले.

ही अट मला फार महत्त्वाची वाटते. पैसा देशाला मिळाला म्हणजे लोकांना मिळाला असं होत नाही. ज्या तिजोरीतून चोरी झाली तिची किल्ली अजून त्याच घरात असू शकते.

त्या नारळवाल्यायची गोष्ट पुन्हा एकडाव सांगा.

ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा सांगावी लागते. तिच्यात आंतरराष्ट्रीय करार कुठे नाही. तरी सांगते, कारण ऐकणाऱ्याला ती आपली वाटते.

फिलिपिन्समध्ये १९७१ ते १९८२ या काळात नारळ उत्पादकांकडून खोबऱ्याच्या वजनावर पट्टी कापली जायची. सांगितलं असं की हा तुमच्याच धंद्याच्या विकासाचा निधी आहे. शेतकऱ्याच्या हातात पावती यायची आणि त्या पावतीवर पुढे बँकेचे समभाग मिळणार होते. कितीतरी जणांनी त्या पावत्या नोंदवल्याच नाहीत, कारण त्यांची किंमत काय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या पैशातून एक बँक घेतली गेली, पुढे देशातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीचे समभाग घेतले गेले, आणि कारभार मार्कोस यांच्या जवळच्या वर्तुळाच्या हाती राहिला.

१९८६ नंतर खटले सुरू झाले. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की त्या कंपनीचे २४ टक्के समभाग सरकारचे, आणि ते नारळ उत्पादकांसाठीच वापरायचे. निधी खर्च कसा करायचा याचा कायदा व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. पहिली कपात आणि तो कायदा यांच्यात पन्नास वर्षं गेली. पावती हातात घेतलेली पिढी बहुतेक मातीआड झाली होती.

पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली त्या रात्री माझ्या वडिलांनी माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली घेतली. त्यात त्यांच्या कापसाच्या जुन्या काटापट्ट्या आहेत, सुतळीने बांधलेल्या, कडा वाळवीने खाल्लेल्या. कापलेल्या पैशांचे रकाने: हमाली, तोलाई, अडत, कट्टी. त्यांनी एकेक रकाना बोटाने वाचला. मग म्हणाले, "जपून ठेव बाई, त्यायनंबी ठेवल्या असत्या त बरं झालं असतं."

इंटरपोलची रेड नोटीस निघाली म्हंजे मानूस धरला ना?

नाही. रेड नोटीस म्हणजे सदस्य देशांच्या पोलिसांना केलेली विनंती: हा माणूस दिसला तर ठावठिकाणा सांगा, तुमच्या कायद्यात बसत असेल तर ताब्यात घ्या. इंटरपोलच्या घटनेत राजकीय प्रकरणात हात घालायला मनाई आहे, आणि पळालेला प्रत्येक नेता हेच म्हणतो की माझ्यावरचा खटला राजकीय आहे. कधी ते खरंही असतं. म्हणून कोर्टाला दर वेळी तपासून पाहावं लागतं.

इतके वर्स काऊन लागते?

एका देशाचं कोर्ट दुसऱ्या देशाच्या कोर्टाला विनंतीपत्र लिहितं. तिकडे आरोपीचे वकील प्रत्येक पायरीवर अपील करतात. गुन्हा दोन्ही देशांत गुन्हा आहे का, पैसा याच गुन्ह्यातून आला हे दिसतं का, कागदाचं भाषांतर बरोबर आहे का, सगळ्यावर वाद. बोफोर्स तोफांच्या लाचेची बातमी स्वीडनच्या रेडिओवर एप्रिल १९८७ मध्ये आली. स्वित्झर्लंडला विनंतीपत्र १९९० मध्ये गेलं आणि कागदपत्रांचा गठ्ठा भारताच्या हाती जानेवारी १९९७ मध्ये पडला. पुढे दिल्ली उच्च न्यायालयात आरोप टिकले नाहीत. तोपर्यंत साक्षीदार, आरोपी, तपास करणारे, कितीतरी जण काळाच्या पडद्याआड गेले होते.

हैतीचा हुकूमशहा दुवालिए याच्या प्रकरणाचं तर याहून वाईट झालं. त्याचा पैसा स्वित्झर्लंडने १९८६ मध्येच गोठवला होता. २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, मुदत संपली, आता पैसा अडवता येत नाही. स्विस सरकारने घाईने नवा कायदा केला, तो फेब्रुवारी २०११ पासून लागू झाला, म्हणून तो पैसा त्या घराण्याच्या हातून वाचला.

फक्त याच गुन्ह्यासाठी जगाचं एक कोर्ट काऊन नाही?

मागणी आहे. अमेरिकेतले न्यायाधीश मार्क वुल्फ यांनी २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी न्यायालयाची कल्पना मांडली. कॅनडा आणि नेदरलँड्ससारख्या देशांनी तिला पाठिंबा दिला आहे. देशातलं कोर्ट स्वतः खटला चालवायला तयार नसेल किंवा त्याला ते जमत नसेल, तेव्हाच या न्यायालयाने पुढे यायचं. मला हे व्हायला हवं असं मनापासून वाटतं. अडचण उघड आहे: ज्यांच्यावर खटला चालणार, करारावर सही त्यांनाच करायची आहे.

ग्वाटेमालाने मधला रस्ता करून पाहिला. २००७ पासून तिथे संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाचा आयोग होता. परदेशी तपास अधिकारी आणि देशी सरकारी वकील खांद्याला खांदा लावून काम करत, खटला मात्र त्यांच्याच कोर्टात. २०१५ मध्ये जकातीतली लूट त्यांनी उघड केली, लोक आठवडेच्या आठवडे चौकात उभे राहिले, आणि राष्ट्राध्यक्ष पेरेझ मोलिना राजीनामा देऊन तुरुंगात गेले. २०२२ मध्ये त्यांना सोळा वर्षांची शिक्षा झाली. पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी आयोगाची मुदत वाढवली नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये तो बंद झाला आणि त्याच्यासोबत काम केलेल्या कित्येक वकिलांना, न्यायाधीशांना देश सोडावा लागला.

चोरीचा पैसा मोठ्याच देशाच्या बँकेत असते, मंग न्याय कराले तेच कसे बसते?

हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याला समाधानकारक उत्तर नाही. लंडनची घरं, पॅरिसच्या हवेल्या, स्विस खाती, अमेरिकेतल्या बिननावाच्या कंपन्या यांच्याशिवाय ही लूट लपलीच नसती. शिवाय शत्रूवर निर्बंध आणि मित्राकडे काणाडोळा, हेही चालतं.

तरी पॅरिसचा एक खटला लक्षात ठेवण्यासारखा आहे. इक्वेटोरियल गिनीच्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा तेओदोरो ओबियांग तिथे आलिशान गाड्या आणि शंभरेक खोल्यांची हवेली बाळगून होता. फ्रेंच सरकार स्वतःहून हलत नव्हतं. तक्रार केली ती नागरिकांच्या संस्थांनी, आणि अशी संस्था फिर्यादी होऊ शकते हे त्यांना २०१० मध्ये वरच्या कोर्टातून मिळवावं लागलं. ओबियांग उपराष्ट्राध्यक्ष होते, त्यांनी पदाचं संरक्षण मागितलं, ते मिळालं नाही. हवेली म्हणजे आमचा दूतावास, असं म्हणत त्यांचा देश हेगला गेला आणि डिसेंबर २०२० मध्ये हरला. तीन वर्षांची स्थगित कैद, तीन कोटी युरो दंड आणि हवेली जप्त, हे २०२१ मध्ये कायम झालं. त्याच वर्षी फ्रान्सने असा पैसा त्या देशातल्या लोकांच्या कामासाठी परत द्यायचा कायदा केला.

आपल्या गोसीखुर्दचं प्रकरण तिकडं नेता येते का?

नाही. गोसीखुर्द धरणाचा ३७२ कोटींचा सिंचन प्रकल्प १८ हजार कोटींच्या पुढे गेला, कॅगच्या अहवालांत ताशेरे आले, हे सगळं खरं. पण काम इथलं, पैसा इथला, कोर्टही इथलंच: नागपूर खंडपीठ, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, लोकायुक्त. पैसा परदेशात गेल्याचा कागद निघाला तरच संयुक्त राष्ट्रांचा तो भ्रष्टाचारविरोधी करार कामाला येतो, आणि तेव्हाही विनंती भारत सरकारनेच करायची असते.

मी पाच एकराची बाई. मी काय करू?

मलेशियात सरकारी निधीचा लेखापरीक्षण अहवाल बदलला गेला आणि जुन्या प्रती नष्ट करायला सांगितलं, तेव्हा त्या विभागातल्या एका महिला अधिकाऱ्याने एक प्रत वाचवून ठेवली. त्या बैठकीतलं बोलणं टिपायला सहकाऱ्याच्या पेन्सिलच्या डबीत रेकॉर्डर लपवला. अहवाल बदलल्याच्या आरोपातून नजीब पुढे सुटले, पण मूळ आकडे नाहीसे झाले नाहीत.

आमच्या गावाच्या नाल्यावर सिमेंट बंधारा झाला. मोजमाप पुस्तिकेत लांबी तीस मीटर. बचत गटाच्या बायकांनी कपाशी चौफुलीवर लावायची गाठी मारलेली दोरी आणली, दोघी दोन काठांवर उभ्या राहिल्या आणि गाठी मोजल्या. बावीस मीटर भरले. कार्यालयाने आधी पुस्तिका दाखवायलाच नकार दिला. माहिती अधिकारात पहिलं अपील केलं तेव्हा नक्कल मिळाली. तक्रार अजून चालू आहे.

अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, नकलेला पानामागे दोन रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी नाही. तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे. "मोजमाप पुस्तिका, अंदाजपत्रक आणि देयकाची प्रमाणित प्रत" असं स्पष्ट लिहा, नुसतं "माहिती द्या" लिहू नका. कोरा नमुना वाचनालयाच्या कपाटात निळ्या फाईलमध्ये आहे. पोच घ्यायला विसरू नका. पोच मिळाली की तिची एक झेरॉक्स त्याच फाईलमध्ये लावून जा.